पाणी एकच, शिंपले दोन

मिरकरवाडा म्हटलं की सुरमई, बांगडा आणि कोळंबीने भरलेल्या टोपल्या डोळ्यांसमोर येतात. पण रत्नागिरीच्या या बंदरापासून थोडं दूर, भाट्ये आणि काळबादेवीच्या खाड्यांत वेगळीच मासेमारी चालते. तिला ना होडी लागते, ना डिझेल. ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात वाकून चिखलातल्या तिसऱ्या वेचतात, खडकाला घट्ट बसलेली कालवं फोडून आतलं मांस काढतात. घरी तिसऱ्यांचं सुकं होतं आणि रिकामे शिंपले परसात किंवा कचऱ्यात जातात. त्या फेकलेल्या शिंपल्यांत एक कोडं दडलेलं आहे.

तिसऱ्या आणि कालवं एकाच खाडीत, एकाच पाण्यात वाढतात. दोघांचं कवच चुन्याचं, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. तरीही तिसरीचं कवच ‘ॲरागोनाइट’ या स्फटिकाचं बनतं, तर कालवाचं मुख्यतः ‘कॅल्साइट’चं. दोन्ही स्फटिकांत घटक तेच, फक्त अणूंची मांडणी निराळी. तांदळाच्या एकाच पिठाची भाकरीही होते आणि घावनेही, तसाच हा प्रकार. मग कोणतं पक्वान्न करायचं, हे ठरवतं कोण?

बंद खोलीतलं बांधकाम

शिंपला उघडला की मांसाभोवती एक पातळ, ओलसर पडदा दिसतो. त्याला प्रावार म्हणतात. तिसऱ्या, कालवं, शंख आणि कवड्या अशा सगळ्या कवचधारी मृदुकाय प्राण्यांचा गवंडी हाच. कवच बांधताना तो आधी काठावर प्रथिनांची एक चिवट पापुद्र्यासारखी साल तयार करतो. ही साल आणि प्रावार यांच्यामध्ये द्रवाने भरलेली एक अगदी अरुंद फट राहते. बाहेरच्या पाण्यापासून वेगळी पडलेली ही फट म्हणजे शिंपल्याची बांधकामाची खोली.

कच्च्या मालाची कमी नसते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम विरघळलेलं असतं. कार्बोनेट मात्र तयार मिळत नाही, ते बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतं. ‘कार्बोनिक अनहायड्रेज’ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट झटपट करून देतं. हे विकर आपल्या तांबड्या रक्तपेशींतही असतं. तिथे ते कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत पोचवण्याच्या कामी येतं. आपला श्वास आणि शिंपल्याची भिंत, दोन्ही एकाच हत्यारावर चालतात.

बायकार्बोनेटपासून चुना तयार होताना आम्लाचे कण, म्हणजे हायड्रोजन आयन, मोकळे होतात. ते तिथेच साचले तर नुकताच बनलेला चुना पुन्हा विरघळू लागेल. म्हणून प्रावाराच्या पेशी ते सतत बाहेर उपसत राहतात. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं. या उपशाला ऊर्जा लागते, आणि ती शिंपल्याला खाल्लेल्या अन्नातूनच काढावी लागते.

मुकादम आहेत प्रथिनं

खोलीत नुसता चुना साचला तर त्याचा ढीग होईल, भिंत होणार नाही. म्हणून प्राणी आधी साचा घालतो. त्यात कायटिनचे पातळ पडदे असतात (कोळंबीच्या सालीत असतं तेच कायटिन), रेशमासारखी प्रथिनं असतात आणि ॲस्पार्टिक आम्लाने भरलेली काही खास प्रथिनं असतात. ही शेवटची प्रथिनं ऋणभारित असल्याने धनभारित कॅल्शियम त्यांच्याकडे ओढलं जातं. चुना बऱ्याचदा आधी आकार नसलेल्या मऊसर कणांच्या रूपात जमतो आणि मग साच्याच्या सांगण्यानुसार स्फटिक बनतो.

तिसरी आणि कालवाच्या कोड्याचं उत्तर इथे सापडतं. १९९६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या लिया अडाडी, स्टीव्ह वाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचांतली प्रथिनं वेगळी काढली आणि कायटिन व रेशमाच्या साच्यावर ठेवली. ॲरागोनाइटच्या थरातली प्रथिनं घातली तर ॲरागोनाइट तयार झालं, कॅल्साइटच्या थरातली घातली तर कॅल्साइट. पक्वान्न कोणतं करायचं, ते प्रथिनं ठरवतात.

२००९ साली टोकियो विद्यापीठाच्या मिचिओ सुझुकी, हिरोमिची नागासावा आणि सहकाऱ्यांनी जपानी मोत्याच्या शिंपल्यात ‘पिफ’ नावाचं प्रथिन शोधलं. त्याचा एक भाग कायटिनला धरतो, दुसरा ॲरागोनाइटला. त्याचं जनुक दाबून टाकल्यावर शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराची घडी विस्कटली. एक मुकादम कामावर आला नाही आणि भिंत वाकडी झाली.

हा चकचकीत थर म्हणजे बांधकामाचा कळस. ॲरागोनाइटच्या चपट्या विटा एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत प्रथिनांचा गिलावा असतो. एका विटेची जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे शिंपला हलवला की त्यावर रंग खेळतात. सेंद्रिय भाग वजनाने जेमतेम १ ते ५ टक्के असतो, पण त्याच्यामुळे तडा सरळ जात नाही, प्रत्येक विटेशी वळसे घेत दमतो. म्हणून शिंपला खडूसारखा कटकन मोडत नाही. चुनखडी भाजून चुना करायला भट्टी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. शिंपला हे सारं खाडीच्या पाण्याच्या तापमानात करतो.

घर खाऊन जगणं

कोकणातला पावसाळा या कारागिराची परीक्षा पाहतो. खाडीत नद्यांचं गोडं पाणी उतरतं आणि खारटपणा झपाट्याने कमी होतो. १९७०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी काळबादेवी खाडीतल्या शिंपल्यांच्या वाढीचा आणि प्रजननाचा अभ्यास केला, तो अशाच बदलत्या पाण्यातल्या जीवनाचा.

पाणी मानवत नसेल तर शिंपला दोन्ही झाकणं घट्ट मिटून घेतो. आतला प्राणवायू संपला की त्याचं शरीर प्राणवायूविना ऊर्जा तयार करू लागतं आणि आत आम्ल साचतं. ते शमवण्यासाठी कवचाच्या आतल्या बाजूचा चुना थोडा थोडा विरघळतो. आपल्याला आम्लपित्त झालं की औषधाच्या गोळीतलं कॅल्शियम कार्बोनेट जे काम करतं, तेच इथे स्वतःच्या घराची भिंत करते. अडचणीच्या दिवसांत शिंपला बचतीवर जगतो आणि दिवस पालटले की पुन्हा बांधायला लागतो. कवचावरच्या वाढीच्या रेषांत असे थांबलेले काळ उमटलेले असतात.

पण बचत मोठ्यांकडे असते, पिलांकडे नसते. फलित अंड्यातून निघालेलं शिंपल्याचं पिलू साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत आपलं पहिलं कवच उभारतं. त्या वेळी त्याच्यापाशी अंड्यातून मिळालेली शिदोरीच तेवढी असते. पाणी जितकं आम्लधर्मी, तितका उपसा जास्त आणि तितकी शिदोरी लवकर संपते.

औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढले असा होतो. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या कालवांच्या बीजकेंद्रात २००७ च्या सुमारास पिलं मोठ्या प्रमाणावर मरू लागली. खोल समुद्रातून वर आलेलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी हे त्याचं कारण निघालं. तिथे पाण्याचं रोज मोजमाप सुरू झालं, पाण्यात धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट मिसळण्यात आलं आणि केंद्र सावरलं.

आपल्याही पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात खालचं कमी प्राणवायूचं पाणी वर येतं. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९०च्या दशकापासून त्याच्या नोंदी ठेवत आहे. त्यात खाडीकाठचं सांडपाणी भर घालतं, कारण ते कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. वातावरणातला कार्बन कमी करणं रत्नागिरीकरांच्या एकट्याच्या हातात नाही. खाडीत जाणारं सांडपाणी अडवणं मात्र आहे.

आणखी एक गोष्ट हातात आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात किनाऱ्यावरच्या चिखलात शिंपल्यांचा चुरा मिसळून पाहिला, तेव्हा त्या चिखलात पिलं अधिक संख्येने रुजली. चुऱ्यातल्या चुन्याने चिखलातलं आम्ल शमवलं होतं. कालवांच्या पिलांना तर बसायला कठीण पृष्ठभागच लागतो आणि जुनं कवच त्यांना चांगलं मानवतं. म्हणजे जेवणानंतर उरलेला शिंपल्यांचा ढीग खाडीच्या दृष्टीने कचरा नसतो. पुढच्या पिढीच्या पायाचा दगड त्यात असतो, आणि ओहोटीला टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईच्या पुढच्या हंगामाची कमाईसुद्धा.