वगळण्याची यादी

अनेक जण मिळून एखादे मोठे काम करू लागले, म्हणजे कोणी काय व केव्हा बदलले, याची नोंद ठेवणे अगत्याचे होते. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांसाठी हे काम ‘गिट’ नावाचे साधन करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली ‘लिनक्स’च्या कामासाठी निर्माण केले.

परंतु प्रत्येक फाइल नोंदण्याजोगी नसते. सुतार खुर्ची करू लागला, की भुसा पडावयाचाच. तो कोणी खुर्चीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवीत नाही. आज्ञावली चालू असताना संगणकही कित्येक तात्पुरत्या फाइली आपोआप तयार करतो. त्या नोंदल्या, तर खरे बदल त्यांच्या गर्दीत हरवून जातात.

हा भुसा वगळण्यासाठी ‘गिटइग्नोर’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवतात. तिच्या नावाच्या आरंभी टिंब असते, त्यामुळे पुष्कळ संगणकांवर ती सहसा दृष्टीस पडत नाही आणि नवशिका गोंधळतो. तिच्यात दर ओळीस एक खूण लिहावयाची. तारकाचिन्ह ‘कोणतीही अक्षरे’ या अर्थी येते. तारका, टिंब आणि ‘लॉग’ असे लिहिले, की ज्यांच्या नावाचा शेवट ‘टिंब लॉग’ असा आहे, त्या साऱ्या फाइली वगळल्या जातात. अखेरीस तिरपी रेघ दिली, तर ती खूण केवळ फोल्डरांस लागू पडते. उद्गारचिन्हाने आरंभ होणारी ओळ वगळलेली फाइल परत घेते. मात्र सबंध फोल्डरच वगळलेला असेल, तर हा उपाय चालत नाही. कारण गिट त्या फोल्डरात डोकावतच नाही.

भुशाची गोष्ट झाली. खरी जोखीम निराळीच आहे. डेटाबेसचा पासवर्ड पुष्कळदा एका स्वतंत्र फाइलीत लिहिलेला असतो. ती फाइल अनवधानाने एकदा नोंदली गेली आणि मागाहून तिचे नाव यादीत घातले, तर काय होते? काहीच होत नाही! यादी लागू पडते ती अद्याप न नोंदलेल्या फाइलींनाच. नोंदलेली फाइल पुढील नोंदींतून काढण्यास वेगळी आज्ञा द्यावी लागते; तरीही जुन्या नोंदींत पासवर्ड तसाच राहतो. शिवाय गिटमध्ये सहसा प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर सर्व इतिहासाची प्रत असते. एका ठिकाणची नोंद पुसली, तरी इतरांजवळची शिल्लक उरते. म्हणून जाणकार माणसे अशा प्रसंगी प्रथम पासवर्डच बदलतात आणि जुन्या नोंदी पुसण्याच्या किचकट कामाकडे मागाहून वळतात.