स्पर्शाविना उमटणारा प्रकाश

इलेक्ट्रॉन धातूला न शिवता नुसता जवळून गेला तरी प्रकाश निर्माण होऊ शकतो. १९५३ साली अमेरिकेत स्मिथ व पर्सेल यांनी बारीक समांतर रेघा कोरलेल्या धातूच्या पट्टीलगत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि रंगीत प्रकाश दिसला. इलेक्ट्रॉनच्या विद्युतक्षेत्रामुळे पट्टीतील विद्युतभार हलतात. रेघारेघांतून निघालेल्या लहरी जुळतात. रेघांतील अंतर, इलेक्ट्रॉनचा वेग व पाहण्याचा कोन यांवरून रंग ठरतो. आता मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या, मापात रचना कोरून असे प्रयोग होतात.

हा प्रकाश एकट्या झोताचा नाही, एकट्या पट्टीचाही नाही. कारणे एकत्र आली की कार्य घडते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपणास परिचित आहे. म्हणून नवल दिसले की चमत्कार म्हणून हात जोडू नका, कारण शोधा. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली बुद्धिनिष्ठा हीच होय.