साथीच्या काळातील घर आणि घरातील शब्द

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिताना मृतांची गणना, शासनाचे उपाय आणि वैद्यकाची प्रगती या तीन गोष्टींना प्राधान्य मिळते. घर मात्र मागे राहते. वस्तुतः २०२० साली आलेल्या कोविडच्या साथीत घर हे केवळ आश्रयस्थान राहिले नव्हते, तर रोगप्रतिबंधाचे ते पहिले साधन ठरले होते. घरात कोणी कोठे बसावे, कोणाला शिवावे, बाहेरून आलेली वस्तू केव्हा आत घ्यावी, हे सारे नव्याने ठरवावे लागले आणि जे ठरवावयाचे ते शब्दांनीच ठरवावे लागले. या शब्दांची घडण कशी झाली आणि त्यांच्या वापरातून कोणते प्रश्न उद्भवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक ऐतिहासिक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला व पुढे तो पुण्यात आणि अन्यत्र पसरला. त्या साथीचे घराशी असलेले नाते आजच्या नात्याच्या नेमके उलट होते. प्लेगचे जंतू उंदरांत व त्यांच्या अंगावरील पिसवांत असतात, म्हणजेच रोगाचे ठाणे घरातच असते. त्यामुळे लोक घर सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. १८९७ साली पुण्यात घरोघरी जी झडती झाली व जिच्यामुळे रँडविरुद्ध रोष उसळला, तीही घर हे रोगाचे ठाणे आहे या समजुतीवरच आधारलेली होती. कोविडचा विषाणू माणसाच्या श्वासातून पसरतो, म्हणून रोगाचे ठाणे माणूस ठरला आणि घर त्याला कोंडून ठेवण्याचे स्थान झाले. प्लेगमध्ये घरे ओस पडली, तर कोविडमध्ये घरे भरली. कायदा मात्र दोन्ही प्रसंगी एकच होता. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने केलेला साथरोग कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा अमलात आणला गेला.

आता नव्या शब्दांकडे वळू. मार्च २०२० च्या उत्तरार्धात जमावबंदी, संचारबंदी आणि टाळेबंदी हे तीन शब्द एकापाठोपाठ घरोघरी पोचले. तिन्हींत 'बंदी' हे फारसी उत्तरपद समान असले, तरी पूर्वपदाशी त्याचा संबंध समान नाही. जमावबंदी म्हणजे जमावाची बंदी, संचारबंदी म्हणजे संचाराची बंदी. टाळेबंदी म्हणजे टाळ्याची बंदी नव्हे, तर टाळे लावून केलेली बंदी होय. पहिल्या दोन शब्दांत काय निषिद्ध आहे ते सांगितलेले आहे. तिसऱ्यात केवळ साधन सांगितले आहे, निषेधाचा विषय अध्याहृत राहिला आहे.

या शब्दाला पूर्वेतिहासही आहे. औद्योगिक व्यवहारात 'संप' आणि 'टाळेबंदी' ही जोडी रूढ होती. कामगार काम थांबवतो तो संप, मालक कारखान्याला टाळे लावतो ती टाळेबंदी. या अर्थी टाळे माणसाला बाहेर ठेवते. २०२० साली हाच शब्द माणसाला आत ठेवण्यासाठी योजला गेला. गिरणगावातील ज्या वृद्धांनी गिरणीच्या दारावरील टाळे पाहिले होते, त्यांच्या कानाला या शब्दात रोजगार जाण्याचा जुना अर्थही ऐकू आला असल्यास नवल नाही. हातावर पोट असणाऱ्यांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच दिवशी खरे ठरले.

'विलगीकरण' हा शब्द याहून वेगळ्या जातीचा आहे. 'विलग' या विशेषणापासून संस्कृत च्वि-प्रत्ययाच्या रीतीने तो सिद्ध झाला आहे. जे विलग नव्हते ते विलग करणे, हा त्याचा अर्थ. अशा भाववाचक नामात कर्ता लोपतो. कोण कोणाला विलग करतो हे शब्द सांगत नाही, आणि प्रशासनाच्या भाषेला हे सोयीचेच असते. याच्याशी 'क्वारंटाईन' या शब्दाची तुलना बोधप्रद आहे. रागुसा बंदरात १३७७ साली परक्या जहाजांवरील लोकांना तीस दिवस दूर ठेवण्याचा नियम झाला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली व इटालियन भाषेतील चाळीस या संख्यावाचकापासून हा शब्द बनला. म्हणजे त्या शब्दाच्या पोटातच मुदत आहे. मराठी 'विलगीकरणा'त ती नाही. बोलीने मात्र ही उणीव भरून काढली. 'चौदा दिवस' ही संख्याच अनेक ठिकाणी संज्ञेसारखी वापरली जाऊ लागली.

मुदतीचा हा मुद्दा गौण नव्हे. मराठी घराला माणूस वेगळा बसविण्याची सवय नवी नव्हती. सोवळे, सुतक, विटाळ, 'कावळा शिवणे', 'बाजूला बसणे' असा शब्दांचा मोठा साठा घरात आधीपासूनच होता. मूळ संस्कृतात 'सूतक' हे जननाशौच, पण मराठीत 'सुतक' मृत्यूच्या अशौचाला रूढ झाले. या साठ्यातील शब्द एकजिनसी नाहीत. ते तपासण्यासाठी तीन कसोट्या लावता येतील. पहिली मुदतीची : हे वेगळेपण संपते काय? दुसरी परस्परतेची : दोन्ही बाजू एकमेकांपासून दूर राहतात, की एकच बाजू दूर ठेवली जाते? तिसरी आधाराची : वेगळेपणा अवस्थेवर अवलंबून आहे की जन्मावर?

सुतकाला मुदत आहे, ते 'फिटते'. ते अवस्थेवर अवलंबून आहे आणि साऱ्या कुटुंबाला सारखेच लागते. स्त्रीच्या 'बाजूला बसण्या'लाही मुदत आहे, परंतु तेथे परस्परता नाही. अस्पृश्यतेच्या अर्थाने येणारा विटाळ मात्र तिन्ही कसोट्यांवर वेगळा ठरतो. त्याला मुदत नाही, परस्परता नाही, आणि त्याचा आधार जन्म आहे. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ही अस्पृश्यता नष्ट केली असली, तरी शब्द कायद्याने नष्ट होत नाहीत. वैद्यकीय विलगीकरण तत्त्वतः याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. त्याला मुदत असते, त्यातील अंतर दोघांनी राखावयाचे असते, आणि विषाणू कोणाचाही जन्म विचारीत नाही.

व्यवहारात मात्र दोन्ही शब्दसाठे एकाच उंबरठ्यावर भेटले. 'सामाजिक अंतर' हा प्रयोग येथे विशेष विचारणीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २० मार्च २०२० रोजीच 'शारीरिक अंतर' या अर्थाची संज्ञा अधिक योग्य असल्याचे सांगितले होते, कारण लोकांनी देहाने दूर राहावयाचे होते, संबंधांनी नव्हे. मराठीत तर हा भेद अधिकच महत्त्वाचा. 'अंतर देणे' म्हणजे आपल्या माणसाचा त्याग करणे, आणि 'सामाजिक' या विशेषणामागे आपल्या समाजात जातीच्या अंतराची दीर्घ परंपरा उभी आहे. घरकामाच्या बाईंना दारातून परत पाठविताना जे कारण दिले गेले ते वैद्यकीय होते. परंतु घरातील मंडळी बाजारात जाऊन येत असतील आणि बाईंनाच तेवढी मनाई चालू राहिली असेल, तर परस्परतेची कसोटी तेथे निकामी झाली असे म्हटले पाहिजे. शब्द नवा होता, व्यवहार जुना होता.

शेवटचा मुद्दा 'गृह विलगीकरण' या संज्ञेतील पूर्वगृहीताचा. रोग्याच्या सहवासात आलेल्या व्यक्तीने हवेशीर, स्वतंत्र खोलीत राहावे व शक्यतो स्वतंत्र शौचालय वापरावे, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना होती. पुस्तकी मराठीत खोली हा घराचा भाग असतो. मुंबईच्या चाळीत व झोपडपट्टीत खोली म्हणजेच घर. 'त्याने खोली घेतली' याचा अर्थ त्याने बिऱ्हाडासाठी जागा घेतली असा होतो. ज्याची खोली हेच घर, त्याला 'वेगळ्या खोलीत राहा' ही सूचना अर्थशून्य ठरते. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळल्यानंतर तेथे शाळा व सभागृहे विलगीकरणासाठी घ्यावी लागली, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही निम्म्या शहराला ते लागू पडत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या विवेचनावरून एवढे दिसून येईल की, साथीच्या काळातील शब्द हे घटनांवर लावलेली निव्वळ लेबले नव्हेत. 'साथ' हा शब्दच पाहावा. संस्कृत 'सार्थ', म्हणजे एकत्र प्रवास करणारा तांडा, यापासून तो आला. मराठीत तो सोबतीचाही वाचक आहे आणि रोगाच्या प्रसाराचाही. माणसे एकत्र राहतात म्हणून त्यांना साथ मिळते, आणि एकत्र राहतात म्हणूनच साथ येते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले व विलगीकरणाची मुदतही संपली. त्या आडोशाने जी अंतरे घरात शिरली, त्यांची मुदत संपली किंवा नाही, हे दारात, स्वयंपाकघरात आणि जिन्यात आज कोण कोणाला काय म्हणतो, यावरूनच ठरवावे लागेल. बोलींच्या अभ्यासकांनी हे संकलन लवकर हाती घेणे अगत्याचे आहे. साथ ओसरली की तिचे शब्दही विस्मरणात जातात, आणि मग उरलेले वर्तन कोठून आले हे सांगणारा पुरावा हाती राहत नाही.