पितळी पुंगळ्यांवरचे पाण्याचे डाग
अमेरिकेत नेमबाजीचे अनेक हौशी लोक झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या धुऊन पुन्हा भरतात. या पितळात साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. धुतल्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. थेंब आटताना क्षार कडेला साचतात, म्हणून डाग कड्यासारखा दिसतो. तपकिरी डाग वेगळे. ते ओल्या धातूच्या ऑक्सिडीकरणाचे.

खरा उपाय पुसण्यात नाही, शेवटच्या विसळण्यात आहे. साबण आणि किंचित सायट्रिक आम्लाने धुतलेल्या पुंगळ्या ऊर्ध्वपातित पाण्यातून काढाव्यात, टॉवेलमध्ये घोळवाव्यात आणि लगेच कोमट हवेत वाळवाव्यात. बुडाची स्फोटक टोपी (प्रायमर) आधीच काढलेली असली की आतले पाणीही निथळते. 100 अंश सेल्सिअसपुढे तापवण्याचे कारण नाही. फार तापलेले पितळ मऊ पडते, आणि बुडाशी मऊ झालेली पुंगळी धोक्याची. आम्लात जास्त वेळ राहिल्यास पृष्ठभागावरचे जस्त निघून पितळ गुलाबी दिसू लागते.

अमोनियायुक्त पॉलिश तर टाळावेच. ब्रिटिश भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसे घोड्यांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियामुळे आपोआप तडकत.