भूत झाडावर नाही, झाडातच : ओल्ड मॅन विलोची गोष्ट

भाग ऐकायला वेळ नसेल, तर हा घ्या लिहिलेला.

आपल्याकडे झपाटलेलं झाड म्हटलं की पिंपळ आणि त्यावरचा मुंजा. म्हणजे झाड बिचारं साधंच, सगळा त्रास वर बसलेल्याचा. आजच्या गोष्टीत मात्र झाडच डेंजर आहे. टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला ओल्ड मॅन विलो. १९५४ साली आलेल्या पहिल्या खंडात तो भेटतो. २००१च्या सिनेमात हा प्रसंगच नाही, त्यामुळे फक्त सिनेमे पाहिलेल्यांना तो माहीतच नसतो.

हॉबिटांच्या वस्तीला लागून एक जुनं जंगल आहे. मुलांना सांभाळणाऱ्या बाया त्याच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगतात. मेरीचा त्यावर विश्वास नाही, पण इथली झाडं आपल्यावर नजर ठेवतात, हे त्यालाही पटलेलं असतं. फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन आत शिरतात. कुठूनही वाट काढली तरी जंगल त्यांना नदीकडेच ढकलतं. काठावर हा म्हातारा विलो उभा. उन्हाने डोळे जड होतात. मेरी आणि पिपिन खोडाला टेकून झोपतात आणि खोडाची फट त्यांना गिळते! फ्रोडोला तर एक मूळ पाण्यात दाबून धरतं. सॅम त्याला ओढून काढतो. मग दोघं झाडाला जाळ लावतात, तर आतून मेरीच ओरडतो, आग विझवा, नाहीतर हा मला चिरडेल.

शेवटी टॉम बॉम्बडिल येतो, गाणं म्हणतो, झाडाला दटावतो आणि दोघांना सोडवतो.

आता खरा मुद्दा. झाड इतकं चिडलंय का? पूर्वी जंगलातली झाडं हॉबिटांच्या कुंपणावर चाल करून आली, तेव्हा हॉबिटांनी शेकडो झाडं तोडून जाळली. ही झाली हॉबिटांची बाजू. टॉम झाडांची बाजू सांगतो. एकेकाळी अफाट पसरलेल्या अरण्याचा हा उरलेला तुकडा आहे. तोडणाऱ्या-जाळणाऱ्यांबद्दलचा राग त्यात साठलाय, आणि विलोचं काळीज तर पार सडलंय.

गंमत म्हणजे, सुरुवातीच्या एका खर्ड्यात टॉल्कीनने झाडात अडकलेला एक आत्मा दाखवला होता. हा खर्डा त्याच्या मुलाने १९८८मध्ये छापला. म्हणजे जवळपास आपला मुंजाच! छापील कादंबरीत ते वाक्य राहिलं नाही, झाडाचा स्वतःचा राग राहिला.

मला हा बदल फार मोठा वाटतो. आत्मा असता तर मांत्रिक आणून काढता आला असता. रागाला कारण असेल, तर काढणार काय? म्हणून टॉमही विलोला मारत नाही, झोप म्हणून बजावतो आणि निघतो. झाड तिथेच राहतं. कादंबरीतली भीतीही.

तुमच्या गावात असं एखादं झाड आहे? त्याची गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा. आणि झाडाची बाजू कोणी सांगतं का, तेही विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!