विचारवेगाचे मापन आणि लिपीचा प्रश्न

म्हैसूर विद्यापीठात 1924 साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रवर्तक एम. व्ही. गोपालस्वामी लंडनमध्ये स्पिअरमन यांच्यापाशी शिकलेले होते. मनोव्यापार मोजता येतात, ही त्या परंपरेची श्रद्धा. विचाराला लागणारा वेळ मोजण्याची युक्ती मात्र त्याआधीची आहे. डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी ती 1868 साली मांडली. अनेक खुणांतून निवड करून प्रतिसाद देण्यास लागणाऱ्या वेळातून, एकाच खुणेला एकच प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ वजा केला, की उरतो तो निवडीचा वेळ होय. डोक्यास गंभीर आघात झालेल्या रुग्णांत पर्याय वाढतात तशी ही मंदता अधिक ठळक होते.

भाषेच्या अभ्यासकाने येथेच सावध व्हावयास हवे. ‘ट्रेल मेकिंग’ चाचणीच्या दुसऱ्या भागात अंक आणि रोमन अक्षरे आळीपाळीने रेषेने जोडावयाची असतात. घरी मराठी बोलणारा आणि कन्नड शाळेत शिकलेला म्हैसूरकर तेथे रेंगाळला, तर मंद काय झाले : मेंदू, की रोमन वर्णक्रमाची आठवण? ‘कलर ट्रेल्स’ चाचणीत अक्षरांच्या जागी रंग योजून हा अडसर दूर केला आहे. अंक मात्र तेथेही राहतात, आणि अंकपरिचय शिक्षणावर अवलंबून असतो. म्हणून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय आणि शिक्षण यांनुसार निरनिराळे मानदंड दिले आहेत.

रुग्णाने कामावर परतावे किंवा नाही, हे ठरविताना अशा सेकंदांचा आधार घेतला जातो. ते सेकंद मोजण्यापूर्वी त्याची पहिली लिपी कोणती, हे विचारणे अगत्याचे आहे.