गर्भातील टंचाई आणि चाळिशीतील मधुमेह

मधुमेह व हृदयविकार हे सुखवस्तूंचे रोग होत, अशी समजूत आपल्या मध्यमवर्गात खोलवर रुजलेली आहे. गोडधोड खाणे, बैठे काम आणि सुटलेले पोट यांचा तो दंड, असा तिचा मथितार्थ. ही समजूत अगदीच निराधार नाही. परंतु गेल्या चार दशकांतील संशोधन पाहता ती अर्धीच खरी ठरते. या रोगांची पूर्वतयारी पुष्कळदा माणूस जन्मण्यापूर्वीच, आईच्या अर्धवट भरलेल्या ताटापाशी सुरू झालेली असते.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी स्त्रीच्या पुढाकाराने प्रत्येक बालकाचे जन्मवेळचे व पहिल्या वाढदिवसाचे वजन नोंदवहीत लिहिले जाई. साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी या वह्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या मृत्यूची कारणे १९८९ मध्ये त्यांच्याशी ताडून पाहिली. पहिल्या वर्षाअखेर ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यातील हृदयविकाराच्या मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक वजनाच्या गटाच्या दुपटीहून अधिक निघाले. गरिबीत जन्मलेला मनुष्य पुढेही गरीबच राहतो, तेव्हा दोष नेमका कोणाला द्यावा, हा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो वाजवीच होता. मात्र १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये जो दुष्काळ पडला, तो गरीब-श्रीमंत असा भेद न करता आला आणि काही महिन्यांत संपला. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ती पन्नाशीत उणी आढळली.

गर्भाला पोषण अपुरे पडले की शरीर मेंदूला झुकते माप देते. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाढीत काटकसर करते. तुटपुंज्या मिळकतीत गृहिणी मुलांचे दूध राखते आणि घराची डागडुजी लांबणीवर टाकते, तसाच हा व्यवहार. टंचाई आयुष्यभर टिकली तर तो कदाचित निभावतोही. पुढे सुबत्ता आली म्हणजे मात्र अशक्त पायावर मजले चढू लागतात.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून तेथील स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून पाहणी केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदम्प्टनमधील गौरवर्णीय बालकांचे ३.५ किलो भरले. एवढे आपल्याला अपेक्षितच होते. अनपेक्षित ते हे की, पुण्याच्या बालकांत स्नायू फारच कमी असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हडकुळे दिसणारे हे मूल वस्तुतः चरबीचा साठा घेऊनच जन्माला आलेले होते. आईच्या आहारात पालेभाज्या, फळे, दूध असले तर बाळाची वाढ बरी होई. ती शेतात व घरात जितकी अधिक राबे, पाणी जितके अधिक वाही, तितके बाळ लहान निघे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात न धरले जाणारे हे श्रम बाळाच्या वजनात मात्र चोख नोंदले जातात!

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्यांच्या पाहणीने चित्र पुरे केले. तिशीच्या आसपास ज्यांच्यात मधुमेह वा त्याची पूर्वचिन्हे दिसली, ते दोन वर्षांच्या वयात कृश होते व नंतर झपाट्याने वजनदार होत गेलेले होते. तेव्हा पुढे मुलाला बाळसेदार करण्याच्या हौसेने ही तूट भरून निघते, असे मानण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे सरकारी हिशेबाची पद्धत खटकते. धरण बांधले की तो भांडवली खर्च. गर्भवतीला दूध दिले की तो महसुली खर्च, म्हणजे आर्थिक चणचणीत प्रथम कापला जाणारा. वास्तविक साठ-साठ वर्षे परतावा देणारी दुसरी गुंतवणूक दाखविणे कठीण आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, हे आपले भाग्य. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के, गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान सहा हजार रुपये देऊ केले. प्रत्यक्षात २०१७ च्या योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार दिले गेले, आणि २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी, तेही मुलगी झाली तरच, सहा हजार. जणू दुसऱ्या खेपेच्या मुलग्याला गर्भात भूक लागतच नाही.

शिवाय ही मदत गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होते आणि तोवर अवयव घडण्याचे पहिले आठवडे उलटून गेलेले असतात. पुण्याच्या पाहणीत बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. बी-१२ कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याचे आढळले. नुसत्या गोळ्या वाटून वा खिचडीचे माप वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही, हे त्यावरून उघड आहे. म्हणूनच त्या खेड्यांत पाहणीतली मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्या मुलामुलींनाच बी-१२ देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्यांच्या संसाराला तेव्हा अद्याप अवकाश होता.